हौसा, तुझ्या बाटल्या

हौसा, तुझ्या बाटल्या आता उंचीप्रमाणे उभ्या आहेत. शाळेत कवायतीला पोरं उभी करतात तशा. उंच ती डावीकडे, बुटकी ती उजवीकडे.

सुतक फिटायच्या दिवशी घरातलं भांडं न् भांडं अंगणात काढायचं, राखेनं घासायचं, धुवायचं आणि मग आत घ्यायचं, हे मी तुला काय सांगू. तू स्वतः किती जणांच्या घरी जाऊन ते केलंस. आपल्या घरात तुझी जाऊ इंदू आणि माझी बहीण, दोघींनी मिळून केलं. खिडकीतल्या फळीवरच्या तेला-मलमाच्या बाटल्या, मोरीजवळच्या कोनाड्यातल्या बाटल्या आणि गोठ्याच्या दारामागची एक, सगळ्या एकाच टोपल्यात गोळा केल्या. झाकणांवर तू बांधलेल्या चिंध्या तेलकट झालत्या, त्या चुलीत टाकल्या. बाटल्या लखलखीत करून एकाच फळीवर मांडल्या. इंदू म्हणाली, "भावजी, बघा की, आता कशी दुकानागत दिसाय लागली."

मी म्हणालो, "ब्येस."

तिथंच मी तोंड उघडायला पाहिजे होतं. कुठली कुठं होती, कुठल्या चिंधीचा काय अर्थ होता, हे मला माहीत नव्हतं. पण दोन बायकांपुढं, माझ्याच घरात, मला माहीत नाही असं मी कसं म्हणणार? तुला माझा स्वभाव माहीत आहे.

तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. येणारे-जाणारे म्हणतात, घर खायला उठत असंल. घर काय खात नाही मला. मला भीती वाटते ती दाराची कडी वाजली की. तुझ्या मागं कडी वाजते ती तुझ्यासाठीच. ज्यांना कळलेलं नाही ते विचारतात, "आजी हायत का?" ते परवडलं. ज्यांना कळलंय ते दारातच उभे राहतात, पायाकडं बघतात आणि मग हळूच विचारतात, "तात्या, आजींच्या बाटलीतलं थोडं उरलंय का?"

उसाच्या तोडीला गेलेल्या बायकांचे हात पाल्यानं कापलेले, खाजून सुजलेले. कारखान्यातली पोरं, मनगटापर्यंत काळ्या तेलाची खाज उठलेली. पायाला चिखल्या झालेलं एखादं म्हातारं. तू त्यांना ओसरीवर बसवायचीस, हात उजेडाकडं धरायचीस, नाकाजवळ न्यायचीस. कधीपास्नं खाजतंय, काय खाल्लंस, कुठला साबण लावलास, अशा दहा गोष्टी विचारायचीस. मी आतून ओरडायचो, "अगं, द्यायचं असलं तर दे न् घालव की, का लगीन जमवतीयास?" तू ऐकायची नाहीस. विचारून झालं की कधी बाटली काढायचीस. कधी नुसतं म्हणायचीस, "गार ताकानं धू, आणि चार दिवस त्या साबणाच्या वाटंला जाऊ नगंस." आणि कधी म्हणायचीस, "हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाय, दवाखान्यात जा." तुझ्याच्यानं व्हायचं नाही हे तू किती सहज म्हणायचीस, हौसा. मला ते ऐकून तुझी कीव यायची. मला वाटायचं, ही बाई स्वतःची किंमत कमी करून घेते.

मी मोल्डर माणूस, लोखंड ओतायचे वाळूचे साचे करणारा. शिरोलीच्या एमआयडीसीत सारी उमेद काढली. साचा माझ्या हातचा असला की ओतीव काम फिरून बघायची गरज नाही, असं सुपरवायझर म्हणायचा. त्या माणसानं घरी येऊन बायकोला विचारायचं, की हिरवी बाटली कुठली न् पिवळी कुठली?

एकदा तूच आलीस माझ्याकडं. शेजारच्या पोराच्या वहीचं कोरं पान फाडून आणलंस. वाटीत शिजवलेली खळ होती. म्हणालीस, "अवं, तुमास्नी लिव्हाय येतंय. बाटल्यांवर नावं घालून द्या की. माझं काय, माझ्या ध्यानात असतंय. पर उद्या मी आजारी पडले तर कुणाला कळायचं?"

मी म्हणालो, "का, दुकान काढतीयास व्हय? पाटी लावू का भायेर?"

तू हसलीस. पण गेली नाहीस, उभी राहिलीस. मी पेपर वाचायचं सोंग करत राहिलो. मग तू ते पान घडी घालून डब्यात ठेवलंस आणि खळ वाळून जाऊ नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरची फाटलेली कड चिकटवून टाकलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. मला तेव्हा वाटलं, मी जिंकलो.

आता काय झालं ते ऐक. हे मी कुणाला पुरतं सांगितलेलं नाही. निम्मं गल्लीला माहीत आहे. उरलेलं निम्मं तुला सांगतो.

परवा सकाळी रेश्मा आली. शेवंताची सून, दोन घरं पलीकडची. काखेत तिची पोरगी परी, सात महिन्यांची. पोरगीच्या मानेखाली, काखेत आणि गुडघ्यामागं लाल चट्टे उठलेले. पोरगी स्वतःची मान खांद्यावर घासत होती आणि घासून घासून रडत होती.

"तात्या, दोन दिस झालं डोळ्याला डोळा न्हाय," रेश्मा म्हणाली. "डाक्तरीणबाईनं क्रीम दिलंय, ते लावलं की तेवढ्यापुरतं बसतंय. आजी हुत्या तवा..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उठलो.

"आजी न्हाय म्हणून काय झालं? मी हाय की," मी म्हणालो.

फळीपाशी गेलो. दोन बाटल्या हिरव्या. एक कडुलिंबाच्या पाल्याची असणार, हे मला ठाऊक होतं. दुसरी कसली ते ठाऊक नव्हतं. वास घेतला. भट्टीच्या धुरात माझं नाक कधीच गेलंय, मला दोन्हींत करंजाचा तेवढा वास आला. रेश्मा दारातून बघत होती. माणूस बघत असलं की मला थांबता येत नाही. मी उंचातली उचलली, झाकण घट्ट केलं आणि अख्खी बाटलीच तिच्या हातात दिली.

"दिवसातनं दोनदा लाव," मी म्हणालो. वर आणखी म्हणालो, "पातळ लाव हां." जसं काय मी जन्मभर तेच करत आलो.

रेश्मा पाया पडायला वाकली. मी पडू दिलं.

दुपारी म्हशीच्या खांद्यावरचा चट्टा बघितला. तू असताना तू बघायचीस तो. दाव्यानं घासून केस गेलेत आणि आजूबाजूला खरूज पसरलीय. मी म्हटलं, चला, हेही आपणच करू. उरलेली हिरवी बाटली म्हशीचीच असणार असं धरलं आणि बोटानं खांद्यावर चोळलं.

हौसा, म्हैस हलली नाही.

तू लावायला लागलीस की ती काय करायची ते मला माहीत होतं. कातडी थरथरवायची, पाय आपटायची, शेपटीनं तुझं तोंड झोडपायची. तू तिला शिव्या द्यायचीस, "सटवे, तुझ्याच भल्याचं हाय, जरा झोंबलं तर मरतीस का?" करंजाच्या तेलात गंधक आणि मोरचूद. तू ते काठीला कापूस गुंडाळून लावायचीस, स्वतःचं बोटसुद्धा लावत नव्हतीस. आणि आता ही म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. मग मान वळवून तिनं ते चाटून घेतलं. चाटलं!

मी माझ्या बोटाकडं बघितलं. आग नाही, काही नाही. कडुलिंब.

म्हणजे म्हशीची बाटली परीकडं गेलीय.

मला आधी घाम आला नाही, आधी ऐकू यायचं बंद झालं. म्हैस रवंथ करत होती ते दिसत होतं, आवाज येत नव्हता. साच्यात ओल राहिलेली आहे हे ओततानाच कळावं तसं झालं. तेव्हा मागं व्हायला वेळ नसतो. लोखंड उसळतं ते उसळतंच. मी ते एकदा बघितलंय. एका माणसाचा पाय बघितलाय.

सात महिन्यांची कातडी. केळीच्या आतल्या पानासारखी. आणि त्यावर मोरचूद, दिवसातनं दोनदा.

चप्पल न घालता मी बाहेर पडलो. दोन घरं, पण मला ती गल्ली शिरोलीच्या नाक्याएवढी लांब वाटली. आणि आता तुला लाज वाटेल असं सांगतो. त्या दोन घरांच्या अंतरातसुद्धा मी बहाणा जुळवत होतो. म्हणावं, "दे ती बाटली, त्यात अजून एक वस्तू घालायची ऱ्हायलीय." पोरगी जळत असेल आणि मी माझी अब्रू कुठून बाहेर काढायची ते बघत होतो.

त्यांच्या दाराला कुलूप.

समोरच्या ओसरीवर एक बाई शेंगा फोडत होती. "कुठं गेली ही माणसं?" मी विचारलं.

"दवाखान्यात गेल्यात न्हवं, पोरीला घिऊन. सासूबी गेलीया. लई घाईत हुत्या."

"कशापायी?"

"मला काय म्हाईत? पोरगी रडत हुती."

मी त्यांच्या कट्ट्यावर बसलो. रिक्षा करून दवाखान्यात जावं, सांगावं डॉक्टरला, की त्यात काय काय आहे, हे कळत होतं. पण तिथं 'मला माहीत नव्हतं' म्हणावं लागेल, ह्यावर अडून मी बसून राहिलो. ती बाई मला पाणी देऊ लागली. मी नको म्हणालो.

त्या कट्ट्यावर मी तुझ्याशी बोललो. देवाशी नाही बोललो, देवाला मी कधी काही दिलं नाही, त्यानं माझं का ऐकावं. तुला म्हणालो, हौसा, ह्यातनं पोरीला काढ, मी तुला एक खरी गोष्ट सांगतो.

सांगतो ती आता. तुला आठवतं, कारखान्यात वाळूत नवीन चिकट रसायन घालायला लागले आणि माझ्या दोन्ही हातांची कातडी गेली? बोटांच्या बेचक्यात चिरा, खाज अशी की मी हात भिंतीला घासायचो. तू चार महिने रोज सकाळी कडुलिंबाच्या कोमट पाण्यात माझे हात बुडवून बसवलेस, पुसलेस, मलम लावलंस, जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधल्यास. माझे हात बरे झाले. आणि मी सगळ्यांना सांगितलं, कंपनीच्या डॉक्टरनं ट्यूब दिली, तिनं बरं झालं. तू म्हणायचीस, "ट्यूबनं का माझ्या मलमानं? एकदा खरं सांगा." भांडणात म्हणायचीस, मायेनंही म्हणायचीस. तुझ्या बहिणीपुढं एकदा म्हणालीस. तापात होतीस तेव्हाही हसत म्हणालीस. मी दर वेळी म्हणालो, "ट्यूबनं."

हौसा, ती ट्यूब मी उघडलीच नव्हती. कंपनीतल्या माझ्या कपाटात ती तशीच पडली होती. मी रिटायर झालो त्या दिवशी कपाट रिकामं करताना सापडली. वाळून दगड झालती. मी ती गटारीत टाकली आणि घरी आलो.

हे मी तुला त्या कट्ट्यावर बसून सांगितलं. उशीर झाला.

किती वेळ गेला कोण जाणे. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आधी परीच्या रडण्याचा आवाज आला, मग त्या दोघी दिसल्या. पोरगी बेंबीच्या देठापासून रडत होती. मी कट्ट्यावरून उठून पुढं गेलो.

"तात्या, तुमी हितं?" रेश्मा म्हणाली. "आणि अनवाणी?"

"पोरीला काय झालं?"

"काय न्हाय. ऱ्हायलेला डोस हुता न्हवं आज. मांडीत सुई टोचली, म्हणून कालवा चाललाय."

परीच्या मांडीवर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. मी तिची मान बघितली. सकाळी होते तसेच चट्टे. तेवढेच. जास्त लाल नाहीत.

"आणि मलम?" मी विचारलं.

रेश्मानं बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला बंद्या रुपयाएवढा लालभडक डाग आणि मधोमध फोड. "तिला अजून लावलं न्हाय. आजींनी सांगून ठेवलंय की, वस्तू कुठली बी असूं दे, पयलं आईच्या हातावर लावायची, दिसभर बघायचं, मग लेकराला. पर तात्या, ह्या बारीला लई झोंबलं ओ. डाक्तरीणबाईला दावलं, ती म्हणाली धुवून टाक. म्हटलं, सांजच्याला खोबरेल घालून पातळ करीन आणि मग परीला लावीन."

मला हे माहीत नव्हतं, हौसा. तू असं सांगायचीस, गल्लीतल्या प्रत्येक पोरीला सांगून ठेवलंयस, हे मी आतून ओरडत बसलो त्यात कधी ऐकलंच नाही. माझ्या मूर्खपणाच्या आणि त्या पोरगीच्या मधे तू आधीच येऊन बसलेली होतीस.

पण गोष्ट संपली नव्हती. संध्याकाळी पातळ करून लावणार होती ती. मी म्हणालो, "दे ती बाटली. जुनी झाली असंल."

शेवंता कुलूप काढता काढता वळली. तिची जीभ तुला माहीत आहे. "जुनी कशी? हौसाक्का एक दिस जुनं ठेवत न्हवती. असूं दे, पातळ केल्यावर बसंल. हौसाक्काच्या हातचं शेवटचं हाय, आमी न्हाय देत माघारी."

तुझ्या हातचं शेवटचं म्हणून ती माझ्यापासून छातीशी धरून ठेवणार होती! मी काही बोललो नसतो तर त्या प्रेमापोटी त्यांनी ते पोरीला चोळलं असतं.

"शेवंता, ती म्हशीची हाय," मी म्हणालो.

"काय?"

"बाटली. म्हशीच्या खरजंची हाय. मोरचूद हाय त्यात. मला कळली न्हाय कुठली ती."

रेश्मानं पोरीला दुसऱ्या काखेत घेतलं, माझ्यापासून लांब. तेवढंच केलं तिनं. ते मला शेवंताच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

शेवंता मात्र सुटली. "अवो तात्या! तान्ह्या लेकराला म्हशीचं अवशीद? डोळं फुटलं का काय तुमचं? आणि वर सांगतायसा, दोनदा लाव, पातळ लाव! कळत न्हाय तर म्हणायचं की मला कळत न्हाय! तेवढं म्हणाय काय जीभ झडत हुती?"

दारं उघडली. शेंगा फोडणारी बाई उभी राहिली. आणखी तिघी-चौघी आल्या. मी तिथून हललो नाही. आयुष्यात मला कुणी असं बोललं असतं तर मी काय केलं असतं ते तुला माहीत आहे. पण ती बोलत होती तोवर पोरगी जिवंत रडत होती, आणि मला ते दोन्ही आवाज हवे होते.

दम लागल्यावर शेवंता थांबली. मग रेश्मा हळू आवाजात म्हणाली, "तात्या, आजी लहान लेकरास्नी बाटलीतलं कंदीच देत न्हवत्या. त्यास्नी तुपाचं करायच्या. ताजं. मी सकाळी इचारणारच हुते, पर तुमी लगेच उठलासा, म्हटलं आजींनी करून ठेवलं असंल."

म्हणजे फळीवर बरोबर बाटली नव्हतीच. मी कुठलीही उचलली असती तरी चुकलो असतो. आपल्या घरात इतकी वर्षं चाललेली गोष्ट मला दोन घरं पलीकडच्या सुनेनं सांगितली.

काल मी घरातून बाहेर पडलो नाही. कडी वाजली तर उघडली नाही. म्हशीची बाटली रेश्माकडून आणलेली, ती लांब बांधाला खड्डा काढून पुरली. बाकीच्या बाटल्यांवर फडकं टाकलं. मला वाटलं, संपलं, आता कुणी येणार नाही आणि तेच बरं.

आज सकाळी रेश्मा आली. पोरीला घेऊन, आणि मागं शेवंता.

"तात्या, परीचं चट्टं तसंच हायत," ती म्हणाली. "आजींचं ते तुपाचं करायचंय. तूप तुमच्या घरचंच पायजे."

हौसा, मला इतकी भीती त्या कट्ट्यावरही वाटली नव्हती. एवढं होऊन ती माझ्याच दारात आली. परत विश्वास टाकते म्हणजे काय? मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, मागं फीर. आणि मग मी ते म्हणालो. उंबऱ्यात उभा राहून, शेवंतासमोर.

"मला येत न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदा. जीभ झडली नाही.

"मला थोडं ठावं हाय," रेश्मा म्हणाली. "परीच्या वेळी सातव्या महिन्यात माझ्या पोटाला खाज सुटलती, तवा आजींनी माझ्याकडनं करून घेतलतं. तुमी पाणी वता, मी घासते."

काशाची थाळी काढली. आपल्या म्हशीचं तूप, चार चमचे. रेश्मानं तांब्याच्या बुडानं ते गोल गोल घासायला सुरुवात केली. मी वरून गार पाणी ओतायचं, तिनं घासायचं, पाणी गढूळ झालं की ओतून द्यायचं, नवीन घ्यायचं. असं शंभर वेळा. तू अंगणात बसून हे करायचीस तेव्हा मी म्हणायचो, "चालली बघा, तुपाला आंगूळ घालाय." आता मी त्या तुपाला पाणी घालत होतो.

मोजायचं काम माझं. साठाच्या पुढं कुठंतरी परी बसल्याजागी कलंडली, माझं लक्ष गेलं आणि आकडा सुटला.

"किती झालं?" शेवंतानं विचारलं.

सत्तर म्हणणार होतो. कुणाला कळलं असतं? "चुकलो," मी म्हणालो.

"मोजायबी येईना का? चवथी शिकलाय न्हवं?" शेवंता म्हणाली, पण हसली. पहिल्यांदा हसली. आम्ही परत साठापासून धरलं.

तूप हळूहळू रवाळ राहिलं नाही. पांढरंशुभ्र झालं, मऊ झालं, लोण्यासारखं. पण लोण्यासारखं तेलकट नाही. शंभर झाल्यावर मी बोट दाबून उचललं. बोटाची रेघ न् रेघ त्यात उठली आणि कड ढासळली नाही. साच्याची वाळू मी अशीच बघायचो. मुठीत दाबायची, सोडायची. बोटं उठली आणि कड धरली तर वाळू तयार. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "बस. जमलं."

रेश्मा चमकली. "आजीबी असंच बोट उठवून बघायच्या. आणि असंच म्हणायच्या. बस, जमलं."

हे तू माझ्याकडून उचललंस का, हौसा? मी घरी येऊन वाळूच्या बढाया मारायचो, तू भाकरी थापत नुसतं हूं हूं करायचीस. मला वाटायचं, हिला काय कळतंय. तू ऐकत होतीस, आणि घेत होतीस. मी तुझं काहीच घेतलं नाही.

रेश्माच्या त्या हाताची आग अजून गेली नाही आणि दुसऱ्या हातानं ती घासत होती. ती म्हणाली, "माझ्या हातावर आता काय कळायचं न्हाय. तात्या, तुमी हात द्या." मी बाही वर केली. तिनं कोपराच्या आत, निळ्या शिरांवर ते पांढरं तूप बोटभर चोळलं. गार लागलं. "उद्या सकाळपतोर बघायचं," ती म्हणाली. "तंवर धुवायचं न्हाय." वाटी इथंच झाकून ठेवून गेली. पोरीला नुसत्या गार पाण्याच्या घड्या ठेवणार आहे आज.

आता दिवे लागायची वेळ झालीय. डावा हात पाटावर उताणा ठेवून मी उजव्या हातानं हे लिहितोय. दर चार ओळींनी हाताकडं बघतो. मघाशी लाल वाटलं, बल्ब लावून बघितलं, तर माझीच सावली होती. मग तिथं खाजल्यासारखं झालं. खाजतंय का मी भितोय, ते मला समजत नाही. तू कशी ओळखायचीस? तू ह्या हाताला हात लावून सांगितलं असतंस. इथं कुणी नाही. मी, म्हैस आणि झाकलेली वाटी.

सकाळी रेश्मा येईल. तिच्या आधी मी उठून बसलेलो असेन. हाताला डाग पडला असला तर मी दार उघडून पहिलं तेच सांगेन, की बाई, लावू नको. डाग नसला आणि पोरगीला गुण आला, तर गल्ली मला विचारेल, तात्या, हे तुमी केलंसा? तेव्हाही मी सांगेन. हौसाचं हाय. रेश्मानं केलंय. मी नुसतं पाणी वतलं.